सीसीएनएसाठी घेतलेला जुना २९६०: पंखा गेल्यावर लिहितोय

सीसीएनए म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा, आणि २९६० हा सिस्कोचा स्विच, म्हणजे केबलने लावलेल्या संगणकांना एकमेकांशी जोडणारी पेटी. मागच्या आठवड्यात त्याच्या कन्सोलवर, म्हणजे केबल लावून लॅपटॉपवर उघडणाऱ्या त्याच्या स्क्रीनवर, पंखा फॉल्टी असल्याचा संदेश आला आणि घरात माझ्याशिवाय सगळ्यांना आनंद झाला. आई म्हणाली, "राहू दे असाच, दुरुस्त करू नकोस."

दोन चोवीस पोर्टी २९६०, एक १८४१ राउटर, सगळं जुनं, मिळून साडेअकरा हजार. पोर्ट, आयओएस (सिस्कोची आतली सिस्टिम), मेमरी कुठेही वाचायला मिळेल. आवाजाबद्दल मात्र कोणी लिहीत नाही, म्हणून आधी तेच. आमचं घर बडोद्यात दांडिया बाजारात, जुनं, दोन खोल्यांमध्ये लाकडी पार्टिशन. कारखान्यातून येऊन जेवून अभ्यासाला बसायला रात्रीचे अकरा वाजायचे. स्विचला बटण नाहीच, प्लग लावला की सुरू. पहिल्याच रात्री आईने पलीकडून विचारलं, "अरे, हा कंप्यूटर आहे की घरघंटी?" विकणाऱ्याने "एकदम सायलेंट आहे" असं तोंड वर करून सांगितलं होतं. वस्तू सर्व्हर रूमच्या रॅकसाठी बनवलेली, तिथे कुणी झोपत नाही, हे मान्य. पण मग खोटं कशाला बोलायचं? फोन केला तर म्हणे, "साहेब, दोन दिवसांत सवय होईल." मला झाली. आईला नाही.

घेतलं का, तर मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, स्टोअर सांभाळून कंटाळलो होतो आणि क्लासला पैसे भरून बसलो होतो. तिथे सर प्रोजेक्टरवर पॅकेट ट्रेसर, म्हणजे नेटवर्कची नक्कल करणारं सिस्कोचं सॉफ्टवेअर, उघडायचे, क्लिक ते करायचे आणि कमांड आम्ही वहीत उतरवायच्या. हात कुठे लागणार?

हात लागायच्या आधी कन्सोल केबलने रडवलं. स्वस्तातली यूएसबी केबल विंडोज ११ वर लावली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड १०. आतली चिप जुनी किंवा नकली असली की नवा ड्रायव्हर तिला दारात उभं करत नाही. शेवटी एफटीडीआय चिपची घेतली, तेव्हा ९६०० बॉडवर (कन्सोलचा ठरलेला वेग) अक्षरं दिसली. इथे दोनशे रुपये वाचवू नका. हे मी सांगतोय, जो रिक्षाऐवजी चालत स्टेशन गाठतो.

राउटरला आधीच्या मालकाचा पासवर्ड होता. तो काढायला बूट होताना ब्रेक दाबायचा, रॉममॉन या दुरुस्तीच्या मोडमध्ये जायचं, कॉन्फ्रेग ०एक्स२१४२ टाकलं की जुनी सेटिंग वगळून राउटर सुरू होतो, आणि काम झाल्यावर आठवणीने परत २१०२. स्विच मात्र कोणीतरी पुसून दिलेला, पण अर्धवट. राइट इरेज या कमांडने सेटिंग पुसली तरी व्हीलॅनची (एकाच स्विचवर पाडलेल्या वेगवेगळ्या नेटवर्कची) यादी फ्लॅश मेमरीतल्या व्हीलॅन डॅट फाइलमध्ये तशीच राहते, ती वेगळी उडवावी लागते. शो व्हीलॅन ब्रीफ ही कमांड टाकली आणि समोर नावं: अकाउंट्स, कँटीन, सीसीटीव्ही, वेब्रिज. वजनकाट्याला स्वतंत्र व्हीलॅन! म्हणजे हा कुठल्यातरी कारखान्यातूनच आलाय. काट्यावरच्या पावत्यांशी माझा रोजचा संबंध, त्यामुळे तो वेगळा का ठेवला असेल हे कुणी शिकवायची गरज पडली नाही: गेटवरचा तो पीसी येणारा-जाणारा प्रत्येकजण हाताळतो. क्लासच्या नोट्समध्ये व्हीलॅन १० म्हणजे सेल्स आणि २० म्हणजे एचआर, बास. ती यादी मी वहीत उतरवली आणि मगच फाइल उडवली.

तरीही परीक्षा जवळ आली तेव्हा या पेट्यांबद्दलचं माझं मत पार घसरलं होतं. मी दिलेली सीसीएनए २००-३०१, म्हणजे ऑगस्ट २०२४ ला आलेली १.१ आवृत्ती, यात ऑटोमेशनला, म्हणजे नेटवर्कची कामं प्रोग्रामकडून करून घेण्याला, १० टक्के होते. रेस्ट एपीआय आणि जेसन (प्रोग्रामांनी एकमेकांशी माहिती देवघेव करायच्या पद्धती), वरून थोडं एआय. शिवाय वायरलेस कंट्रोलर, म्हणजे सगळे वायफाय एका जागेवरून सांभाळणारी पेटी. यातलं काहीही या जुन्या लोखंडावर होत नाही. वायरलेस कंट्रोलरचा सराव फुकटच्या पॅकेट ट्रेसरवर होतो, आणि तो घरघरत नाही. स्पॅनिंग ट्रीत (केबलींचं वर्तुळ होऊ न देणारी स्विचची सोय) पोर्टचा दिवा नारिंगीचा हिरवा व्हायला अर्धा मिनिट लागतो, पंधरा सेकंद लिसनिंग, पंधरा लर्निंग, हे डोळ्यांनी बघायला मजा येते. पण त्या मजेचे साडेअकरा हजार? परीक्षेचे ३०० डॉलर आणि वर कर वेगळा. तेव्हा लिहिलं असतं तर "घेऊ नका" एवढंच लिहिलं असतं.

पास झालो. मुलाखतीत मात्र ऑटोमेशन कुणी काढलंच नाही. कंपनी कारखान्यांची नेटवर्क सांभाळणारी. समोरच्या साहेबांनी विचारलं, "मध्यम प्लांट आहे, व्हीलॅन कसे पाडाल?" मी वहीतली यादी सांगितली आणि वजनकाट्यावर पाच मिनिटं बोललो. ते हसले आणि म्हणाले, "स्टोअरला होता ना?" पगार स्टोअरपेक्षा सुरुवातीला थोडा कमीच, हे इथे लिहून ठेवतो, कारण क्लासच्या जाहिरातीत ते नसतं. काम बहुतेक सावली, मांजुसरकडे. पहिल्याच महिन्यात एका शेडमधला स्विच दुरून नेटवर्कवरून लागेना, तेव्हा कन्सोल केबल घेऊन शिडीवर चढणारा मीच. आजूबाजूला यंत्रांचा एवढा आवाज, की स्विचला पंखा आहे की नाही हेही कळलं नसतं.

तर आता मत असं: निव्वळ परीक्षेसाठी नको, पॅकेट ट्रेसर पुरतो. कारखान्यांच्या बाजूला नोकरी बघत असाल तर एक स्विच आणि चांगली केबल घ्या, दुसरा स्विच आणि राउटर नंतर बघा. आणि विकणाऱ्याला सांगा, पुसू नकोस.

पंख्याचं म्हणाल तर चाळीस मिलिमीटरचा, तीन वायरींचा नवा मागवलाय. दोन वायरींचा लावला तर हवा येईल, पण पंखा फिरतोय हे स्विचला कळणार नाही आणि तो फॉल्टीच दाखवत राहील. आईला अजून सांगितलेलं नाही. प्रमाणपत्र तीन वर्षांचं आहे. ते टिकवायला पुढे एकतर तीच किंवा वरची परीक्षा, नाहीतर सिस्कोचे कोर्स करून मिळणारे ३० क्रेडिट. सिस्को अधूनमधून क्रेडिटचे काही कोर्स काही काळ फुकट ठेवते, त्यावर नजर आहे. कंपनी खर्च देईल का म्हणून विचारलंय. एचआर "बघू" म्हणाले.