हॅरोच्या रस्त्यावर तीन आठवडे: बॅटरीचं पोकलेन आणि हायड्रोजनचा जनरेटर

कराडहून पुण्याला आणि पुण्याहून लंडनला आलो, पण काम तेच: रस्ता खोदायचा, जुना पाइप काढून नवा टाकायचा, चर बुजवायचा. यंदा जानेवारीत हॅरोमधल्या एका रहिवासी रस्त्यावर बिडाची जुनी पाण्याची लाइन काढून निळा पॉलिइथिलीन पाइप टाकला. तीन आठवड्यांचं काम, त्यातला बराच भाग रात्रीचा. या वेळी डिझेलची यंत्रं न घेता बॅटरीचं पोकलेन, बॅटरीची करवत आणि हायड्रोजनवर चालणारा जनरेटर भाड्याने आणला.

पोकलेन होतं जेसीबी कंपनीचं 19सी-1ई. वजन 1.9 टन, बॅटरी सुमारे 20 युनिटची. या यंत्राला 2020 साली ब्रिटनचा मॅकरॉबर्ट पुरस्कार मिळाला आहे, पण मी ते घेतलं ते चरातल्या माणसासाठी. चार फूट खोल चरात वाकून पाइप जोडणाऱ्याच्या नाकाशी डिझेलचा धूर येतो. हा धूर कर्करोग घडवतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच जाहीर केलंय. पुण्यात मी स्वतः सहा वर्षं त्या धुरात वाकलोय. संध्याकाळी रुमालाने नाक पुसलं की काळं यायचं.

खोदायला ताकद कमी पडेल अशी शंका होती, ती पहिल्याच रात्री गेली. चिकणमाती आणि खाली जुन्या रस्त्याची खडी, दोन्ही त्याने डिझेलच्या यंत्रासारखीच उचलली. पण खरा फायदा मला आधी सुचलाच नव्हता. इंजिन नसल्यामुळे बकेटचा दात कशाला घासला ते ऐकू येतं. तिसऱ्या रात्री खर्रर्र असा वेगळाच आवाज आला, कडेला उभ्या असलेल्या आमच्या माणसाने नुसतं ‘थांब’ म्हटलं आणि ऑपरेटर थांबला. खाली नकाशात नसलेली विजेची केबल निघाली. डिझेलच्या यंत्राजवळ हीच सूचना हात हलवून द्यावी लागते, आणि तेवढ्या वेळात बकेट आणखी वीतभर खाली गेलेली असते. माझ्या लेखी एवढ्या एका गोष्टीसाठी जादा भाडं वसूल झालं. उलट बाजूही सांगतो: यंत्र मागे सरकतंय हे पादचाऱ्याला कळत नाही. आम्ही कठडे दोन मीटर बाहेर सरकवले.

चार्जिंगचं गणित मात्र आधी मांडा. इथे साइटवर सुरक्षेसाठी 110 व्होल्टचे पिवळे ट्रान्सफॉर्मर असतात. त्यांच्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर रिकामी बॅटरी भरायला बारा तास जातात. रात्री काम करून सकाळी लावलं तर संध्याकाळी कसंबसं तयार. आम्ही चौथ्या दिवसापासून ते ट्रेलरवर घालून यार्डात 230 व्होल्टवर लावायला लागलो, तेव्हा गाडी रुळावर आली. सलग खोदलं तर चार-साडेचार तास पुरतं. पण पाण्याच्या कामात खोदणं थोडं आणि थांबणं जास्त. यंत्र थांबलेलं असताना बॅटरी खर्च होत नाही. आमची पाळी त्यात निघाली.

डांबर कापायची बॅटरीची करवत ठीक आहे. दोरी ओढायची कटकट नाही, पण लांब रेषा कापायची तर चार बॅटऱ्या हाताशी हव्यात.

आता हायड्रोजन. तो घेतला कामगारांची केबिन, दिवे आणि पाइप जोडायच्या इलेक्ट्रोफ्युजन यंत्रासाठी. पेटी शांत उभी असते, नळीतून फक्त पाणी गळतं, वास नाही. रात्री दोन वाजता तिच्या शेजारी उभं राहून कुजबुजत बोलता येतं. समोरच्या घरातलं तान्हं बाळ तीन आठवड्यांत एकदाही आमच्यामुळे उठलं नाही, असं त्याच्या आईने येऊन सांगितलं. ते ऐकून आमचा मुकादम दिवसभर खुशीत होता.

तरीही पुढच्या वेळी मी तो घेणार नाही. कारण वजन. 50 लिटरच्या पंधरा सिलिंडरचा, 200 बार दाबाचा एक संच म्हणजे टनभर पोलाद, आणि आत हायड्रोजन जेमतेम अकरा किलो. एका किलोत 33 युनिट ऊर्जा असते, जनरेटरमधल्या फ्युएल सेलमधून, म्हणजे हायड्रोजनची वीज करणाऱ्या भागातून, त्याची निम्मीच वीज होते. म्हणजे सगळा संच मिळून 175-180 युनिट. तेवढी वीज साधारण 50-60 लिटर डिझेलमधून निघते, आणि ते दोन-तीन कॅनमध्ये मावतं. दुसऱ्या आठवड्यात सिलिंडरची लॉरी एक दिवस उशिरा आली. भाड्याने देणाऱ्यांनी आदल्या रात्री मुकाट्याने डिझेलचा जनरेटर पाठवला, आणि तोच बंद करायला तर आम्ही एवढा खर्च केला होता! शिवाय जगातला बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू आणि कोळशातूनच बनतो. तुमचा कुठून आला याचा कागद मागा. मला तो तिसऱ्यांदा विचारल्यावर मिळाला.

खर्चाबद्दल एक. 1 एप्रिल 2022 पासून इथे बांधकामाला सवलतीचं लाल डिझेल बंद झालं, लिटरमागे 10.18 पेन्स असलेला कर 52.95 पेन्सवर गेला. त्यामुळे बॅटरीच्या यंत्राचं जादा भाडं पूर्वीइतकं टोचत नाही. लंडनचा धुराचा नियम 37 किलोवॉटच्या वरच्या यंत्रांना लागू आहे, म्हणजे एवढ्याशा पोकलेनवर कसलीच सक्ती नव्हती. ते आम्ही आपणहून घेतलं.

मार्चमध्ये वेम्बलीला पुढचं काम आहे. पोकलेन तेच सांगून ठेवलंय. केबिनसाठी या वेळी चाकांवरची मोठी बॅटरी मागवली आहे, यार्डात भरून आणायची. पुण्यातल्या पेठांमध्ये रात्री केबल आणि पाण्याची कामं घेणारे माझे दोन जुने सोबती आहेत. त्यांना मी आधी एवढंच विचारलंय: यंत्रं चार्ज करायला यार्डात थ्री-फेज कनेक्शन आहे का?