सशासाठी रबरी ब्रश : पावसाळ्यातला अनुभव
रत्नागिरीतील एका दुकानातून जूनमध्ये मी आमच्या पांढऱ्या सशासाठी मऊ दातांचा रबरी ब्रश घेतला, तेव्हा दुकानदाराने सोबत शांपूची बाटलीही गळ्यात मारली, जी मी अजून उघडलेली नाही. कारण आंघोळीने ससा कमालीचा घाबरतो आणि त्याची दाट लव आपल्याकडच्या दमट हवेत लवकर वाळत नाही. ब्रश मात्र उत्तम निघाला. सशाची कातडी फार नाजूक असल्याने तारेच्या ब्रशाने तिला ओरखडे पडतात. हा ब्रश मानेपासून शेपटीकडे हलक्या हाताने फिरवला की गळालेले केस दातांत अडकून कापसाच्या पेळूसारखे निघतात. अंग चाटताना ससा केस गिळतो आणि त्याला उलटी करता येत नाही, म्हणून केस गळण्याच्या दिवसांत मी हे काम रोज करते. पोटाखालच्या गुठळ्या मात्र ब्रशाने सुटत नाहीत, त्या बोटांनीच सोडवाव्या लागतात. त्याच वेळी शेपटीखाली पाहून घ्यावे, कारण तिथे ओल किंवा लेंडी चिकटून राहिली तर माश्या अंडी घालतात. दांडी ओल्या हातातून निसटते, एवढीच माझी तक्रार आहे.