डिचोलीतला भजनवाल्यांचा स्टुडिओ आणि आमचा काळोखा रॅप अल्बम

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू स्टुडिओचा आहे, अल्बमचा नाही. अल्बम माझाच, त्याला मी पाच स्टार दिले तर तुम्ही हसणार, म्हणून नावपण टाकत नाही.

स्टुडिओ गोव्यातल्या डिचोलीत, बाजारापासून जरा आत, जुन्या घराच्या माडीवर. बोर्ड नाही. जिन्यात चपलांचा ढीग दिसला की समजायचं आत भजनी मंडळ बसलंय आणि आपल्याला अजून तासभर तरी नंबर नाही. भाव तासाला ७०० रुपये, मिक्सिंगचे गाण्यामागे वेगळे. याआधी आम्ही पणजीकडे एका चकाचक ठिकाणी एक गाणं करून बघितलेलं, जांभळे लाइट, सोफा, कॉफी, तिथला पोरगा प्रत्येक टेकला ‘ब्रो फायर’ म्हणायचा आणि घरी येऊन ऐकलं तर माझा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पैसे गेले ते गेलेच.

गाणी कशावर आहेत ते थोडं सांगायला लागेल नाहीतर पुढचं कळणार नाही. मी खाणपट्ट्यातला. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा मी सातवीत होतो, दारात आमचा टिप्पर (खाणीचा माल वाहायचा ट्रक) उभा, चाकांत गवत वाढलेलं आणि बँकेचा हप्ता मात्र चालू, मग मध्ये जरा सुरू झालं म्हणेपर्यंत २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या आणि बाबा परत ओट्यावर येऊन बसले. तर अल्बम त्यावर आहे, ७ ट्रॅक, २४ मिनिटं. एक ट्रॅक देवचारावर, म्हणजे तो रात्रीचा काठी घेऊन गावची राखण करत फिरतो ना, पण डोंगरच खणून नेल्यावर बिचारा फिरणार कुठे, असा.

पहिल्या दिवशी मी माइकसमोर उभा राहून जीव तोडून ओरडलो. डार्क म्हणजे ओरडायचं असंच डोक्यात होतं. स्टुडिओवाला दादा (पन्नाशीचा माणूस, आयुष्य आरत्या आणि भजनं रेकॉर्ड करण्यात गेलेलं) हेडफोन काढून म्हणाला, “माइक केपो न्हय रे, सवकास उलय.” माइक काय बहिरा नाही, हळू बोल. मग त्याने मला ओढून माइकच्या चार बोटं जवळ आणलं, पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी माइकसमोरची जाळी) जरा तिरका केला आणि शेजारी झोपलेल्या माणसाला सांगतोयस असं समज म्हणाला. तसल्या माइकला तोंड जवळ नेलं की आवाजातला खर्ज आपोआप वाढतो, हे मी नेटवर वाचलेलं, पण स्वतःचा आवाज तसा ऐकला तेव्हा मलाच कसंतरी झालं. देवचाराचा पूर्ण ट्रॅक त्या कुजबुजीत आहे, डबल्ससुद्धा (त्याच ओळी परत म्हणून आवाजावर चढवतात त्या) कुजबुजूनच घेतले.

घुमटाचं तर वेगळंच. मला नेटवरच्या पॅकमधलं ८०८ (रॅपमधला तो जड ड्रमचा बेस) नको होतं, ते सगळ्यांकडे सारखंच असतं. दादाने कोपऱ्यातलं आरतीवाल्यांचं घुमट काढलं. मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं (पूर्वी घोरपडीचं असायचं, ते कायद्याने बंद, आता बकऱ्याचं), दुसरं तोंड उघडं, त्यावर डाव्या हाताचा पंजा उघडझाप केला की आवाज फुगतो. त्याने एक माइक कातड्याला आणि एक मागच्या तोंडाला लावला, दोन्ही एकत्र केल्यावर बेस गायबच झाला, दोन्ही आवाज एकमेकांना खात होते, तर एका ट्रॅकचा फेज उलटा केला आणि छातीत धस्स झालं. मग ते पिच करून खाली नेलं, तेच आमचं ८०८. स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) म्हणून टिप्परचा फाळका आपटल्याचा आवाज आहे, तो मी घरी मोबाइलवरच घेतलेला. दादाने तो मोबाइलवरचाच ठेवला, साफ करत बसला नाही. इथेच मला माणूस पटला.

मिक्सला भांडण झालं. मला सगळं अजून मोठं पाहिजे होतं. त्याचं म्हणणं, स्पॉटिफाय नाहीतरी आवाज उणे १४ लफ्सच्या (लफ्स म्हणजे आवाज किती मोठा ते मोजायचं माप) आसपास आणून वाजवतं, तू दाबून दाबून मोठं केलंस तर ते कमी करणार आणि तुझ्याकडे फक्त चपटं गाणं उरणार. दोन्ही मिक्स गाडीत ऐकले, दादा बरोबर निघाला. मोबाइलच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नव्हता म्हणून त्याला थोडं सॅच्युरेशन दिलं, म्हणजे मुद्दाम आवाज जरा फाटका केला, आता निदान त्याची घरघर तरी कळते.

आता एक स्टार का कापला. चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की हा माणूस तुमचा नाही. सगळ्या मंडळांना चवथीआधीच आरत्या पाहिजे असतात, माझे तीन स्लॉट पुढे ढकलले, एकदा तर मी मित्राची स्कूटर मागून पावसातून गेलो आणि जिन्यात चपला. वर पत्रा असल्यामुळे जुलैत जोरात पाऊस आला की थांबायचं (एक टेक मुद्दाम पावसासकट ठेवलाय, शेवटच्या ट्रॅकला). लाइट गेली तर यूपीएस कॉम्प्युटर सेव्ह करण्यापुरताच. टॉयलेटबद्दल बोलत नाही.

रिलीज मी ऑनलाइन डिस्ट्रिब्युटरकडून केलं, त्याला एक स्टार. कव्हर ३००० बाय ३००० बरोबर असून दोनदा परत पाठवलं, कारण कव्हरवर नाव देवनागरीत आणि फॉर्ममध्ये मी इंग्रजीत टाकलेलं, हे सांगायला त्यांना नऊ दिवस लागले. भाषा एका ट्रॅकला एकच निवडायची, अर्धी मराठी अर्धी कोकणी बोलणाऱ्यांनी काय करायचं? त्या घोळात एडिटोरियल पिचची (स्पॉटिफायच्या प्लेलिस्टमध्ये घ्या म्हणून करायचा अर्ज) मुदत गेली, ते रिलीजच्या निदान ७ दिवस आधी लागतं. आणि स्पॉटिफायवर वर्षात १००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या ट्रॅकचे पैसेच मोजत नाहीत, माझे ७ पैकी ३ पार झालेत, ट्रीट मागू नका.

तारीख मी नरकासुराची रात्र (दिवाळीची आदली रात्र, आमच्याकडे नरकासुराचे पुतळे काढतात) धरलेली, डार्क अल्बमला याहून चांगला मुहूर्त कुठला. रात्री १२ ला अल्बम आला आणि ऐकायला एक माणूस नाही, सगळे नरकासुर बघायला रस्त्यावर. मग आमच्या वाड्यावरच्या पोरांनी टेम्पोवरच्या बॉक्सला मोबाइल लावून देवचारवालं वाजवलं. पहिलं घुमट पडलं तशी नरकासुराची कागदाची मिशी थरथरली. दुसऱ्या कडव्यात ऑपरेटरने बेस कमी केला, बॉक्स भाड्याचे होते म्हणे.

दादाचा नंबर पाहिजे तर मेसेज करा. चवथीनंतरचा स्लॉट घ्या आणि वर जाण्याआधी चपला मोजा.