7 ते 45 पटीचा झूम स्टीरिओ मायक्रोस्कोप: कोळ्याचं कूळ ओळखायला पुरतो का?

पुरतो, पण कुळापर्यंतच. आणि सोबत मिळणाऱ्या दिव्यावर विसंबलात तर तेवढंही जमणार नाही.

डोळ्यांची मांडणी 10 ते 20 पटीतच लख्ख दिसते. कपाशीवरच्या लिंक्स कोळ्याचे डोळे षटकोनात असतात, लांडगा कोळ्याचे 4-2-2 अशा ओळींत. मात्र आठांऐवजी सहा डोळे दिसले म्हणून लगेच नातं जोडू नका. डोळे कमी होणं उत्क्रांतीत वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे घडलंय.

खरा कस लागतो तो ट्रायकोबोथ्रिया बघताना. पायावरच्या खळगीतून ताठ उभे राहिलेले हे बारीक केस हवेची हालचाल टिपतात. बांधावरच्या झुडपात गोल जाळी विणणारी युलोबोरिडी आणि अरॅनिडी ही कुळं घ्या. युलोबोरिडीच्या फीमरवर, म्हणजे पायाच्या मांडीसारख्या भागावर, हे केस असतात, अरॅनिडीच्या नसतात. 2014 च्या जनुकीय अभ्यासांतही ही दोन कुळं एकमेकांपासून दूर पडली, जाळी सारखी असूनही. पण तिसऱ्याच कुळातल्या ल्यूकॉज वंशातही चौथ्या पायाच्या फीमरवर असे केस असतात, तेव्हा पोटाच्या टोकाशी धागा सोडणाऱ्या अवयवांपुढची क्रिबेलम ही चाळणीसारखी पट्टी तपासल्याशिवाय निकाल देऊ नका.

बघायची रीत अशी: पेट्री डिशमध्ये धुतलेली बारीक वाळू, वर 70 ते 75 टक्के अल्कोहोल, त्यात पाय आडवा रोवायचा. केस पूर्ण बुडालेले हवेत. अर्धवट बाहेर राहिले तर ते पायाला चिकटतात. वरचा एलईडी बंद करून बाजूने अगदी तिरपा दिवा मारा, डिशखाली काळा कागद ठेवा. मग 40 पटीत केस तुटलेला असला तरी त्याची खळगी ओळखू येते. मे महिन्यात आपल्याकडे अल्कोहोल बघता बघता उडतं. पंखा बंद ठेवा आणि अधूनमधून भर घाला.

फोकस आधी 45 पटीवर जुळवा, मग 7 वर येऊन फक्त आयपीसचं डायॉप्टर (प्रत्येक डोळ्यापुरता फोकस जुळवणारी कडी) फिरवा. उलट केलंत तर झूम करताना चित्र सुटतं. मायक्रोस्कोपचं डोकं आपोआप खाली घसरत असेल तर फोकसच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या एकमेकींच्या उलट दिशेने पिळून घट्ट करा. 2 पटीचं जोडभिंग लावलं तर 90 पट मिळते, पण भिंगाखालची जागा इतकी आक्रसते की चिमटा चालवणं अवघड होतं.

पायाच्या टोकावरचं टार्सल ऑर्गन, जे ओलावा आणि तापमान जाणतं, इथे फार तर ठिपका म्हणून दिसेल. त्यासाठी पाय लवंगाच्या तेलात पारदर्शक करून कंपाउंड मायक्रोस्कोपखाली 400 पटीत बघावा लागतो. सांध्याजवळच्या कंपनं टिपणाऱ्या बारीक चिरांचंही तेच.

कॅमेऱ्याचा पोर्ट असलेलं महाग मॉडेल घेण्यापेक्षा ते पैसे वाकणाऱ्या मानेच्या दोन दिव्यांवर घाला. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, म्हणून डोकं सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा. आणि यावल अभयारण्यातून नमुने आणायचे असतील तर वनविभागाची परवानगी आधी घ्या.