मूळव्याध नव्हतीच, तरी ‘विनाऑपरेशन’ इलाजाचे १८ हजार घेतले

नागपुरात भिंतीभिंतीवर ‘मूळव्याध, भगंदर, बद्धकोष्ठ: हमखास इलाज’ असं रंगवलेलं असतं. महाल भागातल्या तसल्याच एका दवाखान्याने माझ्या आईला लुबाडलं.

आईला शौचाला लागायचं, पण कितीही कुंथलं तरी पोट साफ व्हायचं नाही. बसून बसून पायाला मुंग्या यायच्या. तिथल्या माणसाने नळी घातल्यासारखं केलं आणि मोबाइलवर फोटो दाखवला. ‘काकू, हे आतले कोंब. थांबलात तर कॅन्सर!’ आई घाबरली, पैसे भरले. पुढे बाकावरच्या एका मावशींशी ओळख झाली. दोघींनी फोन शेजारी धरले, तर फोटो एकच! कोंब तेच, कोपऱ्यातला डागही तोच.

औषध म्हणजे नाव-गाव नसलेल्या तपकिरी पुड्या. त्याने जुलाब व्हायचे, त्यालाच ते ‘जुना मळ सुटतोय’ म्हणायचे. पुडी थांबली की पुन्हा तेच. मग ‘कोर्स वाढवा’. माझ्या साठीतल्या आईला मरणाची भीती घालून हे पैसे उकळले, याचा संताप अजून जात नाही.

शेवटी पोटविकारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी बोटाने तपासताना जोर लावायला सांगितलं, तर स्नायू सैल पडण्याऐवजी आवळला. मूळव्याध नव्हतीच. गुदाशयाच्या वळणाला एक स्नायू पट्ट्यासारखा धरून असतो, शौचाच्या वेळी तो ढिला पडायला हवा. आईचा उलटा घट्ट होतो. कडी आतून लागलेली असताना दार ढकलून काय उपयोग? जुलाबाने मळ पातळ होतो, कडी निघत नाही. मॅनोमेट्रीने, म्हणजे गुदमार्गात बारीक नळी घालून, स्नायूंचा दाब मोजला. गुदाशयात ठेवलेला ५० मिली पाण्याचा फुगा जोर लावल्यावर साधारण मिनिटभरात बाहेर पडतो, आईचा पडलाच नाही.

यावर बायोफीडबॅक असतं: स्नायू कधी आवळतो ते पडद्यावर बघत तो सोडायला शिकायचं. बऱ्याच जणांना गुण येतो, आईलाही येतोय. कमोडवर बसताना पायाखाली पाट घ्यायला सांगितलाय.

शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल किंवा पन्नाशीनंतर सवय अचानक बदलली असेल, तर अशा पुड्यांत एक दिवसही घालवू नका, दुर्बिणीची तपासणी करा. डॉक्टरचा वैद्यकीय कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. आम्ही मनपाच्या आरोग्य विभागाकडे तक्रार केली आहे. छापील पावती दिली नसेल तर पुडी, फोटो आणि यूपीआयची नोंद जपून ठेवा. आमच्याकडे पुरावा म्हणून तेवढंच होतं.