साठ जणांची हजेरी: ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’

या व्हिडिओ गेमच्या गोष्टीत १८०२ साली लंडनहून निघालेले ‘ओब्रा डिन’ हे व्यापारी जहाज केप ऑफ गुड होपला पोहोचत नाही, बुडाले असे जाहीर होते आणि ऑक्टोबर १८०७ मध्ये फाटक्या शिडांनिशी इंग्लंडच्या फॅलमथ बंदरात येऊन लागते. जहाजावर जिवंत माणूस एकही नसतो. ईस्ट इंडिया कंपनीचा तपासनीस या नात्याने आपल्याला ६० जणांपैकी प्रत्येकाचे नाव, त्याचे काय झाले आणि कोणाच्या हातून झाले, एवढे एका वहीत भरायचे असते. लुकस पोप यांचा हा २०१८ चा खेळ मी यंदाच्या पावसाळ्यात माझगावच्या घरी पूर्ण केला.

हाताशी एक खिशातले घड्याळ असते. सांगाड्यापाशी ते उघडले की आधी काळ्या पडद्यावर त्या माणसाचे शेवटचे काही क्षण नुसते ऐकू येतात आणि मग मरणाचा क्षण गोठून समोर उभा राहतो. पुढचे सगळे काम आपल्या डोळ्यांचे. बहुतेक गुप्तहेरी खेळांत पुरावा चकाकतो आणि निष्कर्ष नायकच बोलून दाखवतो. येथे तसे लाड नाहीत. खलाशांच्या झोपायच्या झोळ्यांवर आकडे टांगलेले आहेत, हे माझ्या लक्षात त्या दृश्याच्या तिसऱ्या फेरीत आले, आणि तेच आकडे वहीतल्या नामावलीत पहिल्यापासून छापलेले होते. (एवढे सांगितल्याबद्दल क्षमस्व, याहून अधिक फोडणार नाही.)

तीन नोंदी अचूक झाल्याखेरीज वही त्या पक्क्या करत नाही, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही असे म्हणतात. ते सुरुवातीपुरतेच खरे आहे. शेवटची दहा-बारा नावे उरल्यावर दोन खात्रीच्या नोंदींच्या जोडीला तिसऱ्या जागी नावे बदलत बसले की काम होते, आणि मी ते केले, हे मान्य करायला हवे. त्यातही माझ्यापेक्षा खेळाचा दोष थोडा अधिक आहे, कारण काही माणसे बोलण्याच्या ढंगावरून ओळखायची आहेत. मालवणी आणि आगरी बोलीतला फरक मी पहिल्या वाक्यात सांगेन, पण स्कॉटिश आणि वेल्श उच्चारांत मला काडीचाही भेद कळला नाही. हुद्द्यांची मात्र अडचण वाटली नाही. बोसन म्हणजे आपला सारंग, खलाशांचा मुकादम, एवढे जुळवून घेतले की वाचन सोपे होते. नामावलीत भारतातले खलाशीही आहेत, आणि गोदीच्या शेजारी राहणाऱ्याचे लक्ष त्यांच्या नावांकडे आधी जाते.

खरा वैताग चालण्याचा आहे. जुने दृश्य पुन्हा पाहायचे तर वहीतून थेट तेथे जाता येत नाही. जिने चढून-उतरून त्याच प्रेतापाशी जावे लागते, तेही कित्येकदा एका टोपीचा आकार तपासण्यासाठी. जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यासारखी दोनरंगी, ठिपक्यांची चित्रे टीव्हीवर देखणी दिसतात. चर्चगेट फास्टमध्ये हातातल्या छोट्या पडद्यावर मात्र अंधेरी येईपर्यंत डोळे दुखू लागले आणि मी नाद सोडला.

उत्तरे कळल्यावर हा खेळ पुन्हा खेळण्यात अर्थ उरत नाही. म्हणून धाकट्या बहिणीला बसवले आणि शेजारी गप्प राहिलो. झोळ्यांचे आकडे तिने पहिल्याच फेरीत पाहिले.