रुबिकॉन की कनोसा, कोणता वाक्प्रचार जास्त रंगतदार?

दोन्ही वाक्प्रचार उत्तर इटलीतले, दोन्ही जानेवारीतले. इ.स.पू. ४९ मध्ये रोमन सेनापती सीझरने सैन्यासह रुबिकॉन नदी ओलांडली. ही त्याच्या प्रांताची हद्द फौजेनिशी ओलांडणं म्हणजे रोमशी उघड युद्ध. थोडक्यात, ‘रुबिकॉन ओलांडणं’ म्हणजे परतीचे दोर कापणं. नदी मात्र अगदीच किरकोळ!

‘कनोसाला जाणं’ म्हणजे नाक घासत शरण जाणं. पोप सातव्या ग्रेगरीने बहिष्कृत केलेला जर्मन राजा चौथा हेन्री १०७७ मध्ये टस्कनीची सरदारीण मातिल्दा हिच्या कनोसा किल्ल्याबाहेर तीन दिवस थंडीत अनवाणी ताटकळला. १८७२ मध्ये जर्मन चान्सलर बिस्मार्कने संसदेत ठणकावलं, आम्ही कनोसाला जाणार नाही. मला हाच वाक्प्रचार जास्त रंगतदार वाटतो, कारण त्यात अर्धीच गोष्ट उरली आहे. उरलेली अर्धी अशी: बहिष्कार उठला, १०८४ मध्ये याच हेन्रीने रोम घेतलं आणि ग्रेगरी पुढच्या वर्षी सालेर्नोत परागंदा अवस्थेत वारला.